संदर्भसूचीतली ‘ईडी’ नेमकी कोणती? ‘एरिक’वरच्या कागदपत्रांचा संदर्भ असा द्या

शिक्षणशास्त्रातल्या एखाद्या प्रबंधाची शेवटची पानं उघडा. पुस्तकं, नियतकालिकं आणि अहवालांच्या गर्दीत एखाद्या ओळीत कंसात ‘ईडी’ आणि त्यापुढे सहा आकडे दिसण्याची बरीच शक्यता आहे. घाबरू नका. ही धाडी टाकणारी ईडी नाही, सक्तवसुली संचालनालयाचा इथे काहीही संबंध नाही. ही आहे ‘एरिक’ नावाच्या अमेरिकी डेटाबेसमधल्या एका कागदाची ओळख.

एम.एड. किंवा पीएच.डी. करणारे विद्यार्थी, लघुशोधप्रबंध लिहिणारे शिक्षक, परिषदेसाठी निबंध तयार करणारे प्राध्यापक यांची एरिकशी कधी ना कधी गाठ पडतेच. शोधायला सोपा, वापरायला मोफत आणि शिक्षणावरचं जवळपास काहीही टाका, काहीतरी सापडतंच. अडचण पुढे येते. सापडलेल्या कागदाचा संदर्भ लिहायचा कसा? कुणी एरिकलाच प्रकाशक करून टाकतं, कुणी नुसती लिंक चिकटवतं, कुणी नंबर गाळतं, तर कुणी जिथे नको तिथेही नंबर घालतं. व्हायवाच्या दिवशी परीक्षकांनी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं की मग पळापळ.

नियम मुळात अवघड नाही. तो का आहे हे कळलं की पाठही करावा लागत नाही.

एरिक म्हणजे काय?

एज्युकेशन रिसोर्सेस इन्फर्मेशन सेंटर या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एरिक’ हा शब्द तयार झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६४ मध्ये ही यंत्रणा सुरू केली. आज ती तिथल्या शिक्षण खात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस या संस्थेकडे आहे आणि तिच्यात वीस लाखांच्या आसपास नोंदी आहेत.

तेव्हा प्रश्न असा होता की शिक्षणावरचं बरंचसं संशोधन पुस्तकाच्या दुकानात किंवा नियतकालिकात पोहोचतच नव्हतं. एखाद्या जिल्ह्याने केलेल्या वाचनप्रयोगाचा अहवाल, परिषदेत वाचलेला निबंध, सरकारी अनुदानातून झालेल्या पाहणीचे निष्कर्ष, अभ्यासक्रमाचा आराखडा. हे सगळं टंकलिखित व्हायचं, दहावीस प्रती निघायच्या आणि कपाटात जायचं. दुसऱ्या गावातल्या संशोधकाला ते अस्तित्वात आहे हेसुद्धा कळायचं नाही. ग्रंथपाल अशा कागदांना ‘ग्रे लिटरेचर’ म्हणतात. छापलेलं आहे, पण बाजारात नाही.

एरिकने हे कागद गोळा केले, प्रत्येकाला एक क्रमांक दिला, गोषवारा लिहिला आणि मायक्रोफिशवर उतरवले. मायक्रोफिश म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी पारदर्शक फिल्म, तिच्यावर डझनावारी पानं बारीक करून बसवलेली. वाचायला वेगळं यंत्र लागायचं. ग्रंथालयात या फिल्म क्रमांकाने लावलेल्या असायच्या. म्हणजे क्रमांक माहीत असेल तर कागद हातात, नाहीतर हजारो फिल्मच्या खणांसमोर नुसतं उभं राहायचं.

संदर्भसूचीत ईडी क्रमांक लिहायची पद्धत या खणांपासून सुरू झाली. तो सजावटीसाठी नव्हता, तो त्या कागदाचा पत्ता होता.

ईडी आणि ईजे: इथेच निम्मा गोंधळ

एरिकमध्ये दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक ईडीने सुरू होणारी, दुसरी ईजेने. ईडी म्हणजे एरिक डॉक्युमेंट आणि ईजे म्हणजे एरिक जर्नल, असं लक्षात ठेवा.

ईजे क्रमांक असलेली नोंद नियतकालिकातल्या लेखाची असते. हा लेख एरिकने छापलेला नाही. तो आधीच कुठल्यातरी नियतकालिकात आला आहे, त्याला खंड आहे, अंक आहे, पानं आहेत, बऱ्याचदा डीओआयही आहे. एरिकने फक्त त्याची नोंद करून ठेवली. नियतकालिकांची ही नोंद १९६९ पासून सुरू आहे.

ईडी क्रमांकाची नोंद बाकी सगळ्याची: अहवाल, परिषदेतले निबंध, प्रबंध, पुस्तकं, मार्गदर्शक पुस्तिका, धोरणपत्रं. यातल्या काहींचा प्रकाशक असतो, पण कित्येकांचा नसतो.

मूळ नियम इथूनच निघतो. वाचकाला तो कागद दुसरीकडे सहज मिळणार असेल तर एरिकचं नाव लिहायची गरज नाही. एरिकशिवाय तो मिळणं कठीण असेल तर एरिक आणि क्रमांक दोन्ही लिहायचे.

शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्रात सर्वाधिक चालणारी एपीए पद्धत, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, नेमकं हेच सांगते. तिची सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. तिच्यानुसार सर्वसाधारणपणे डेटाबेसचं नाव संदर्भात देत नाहीत, कारण तोच लेख चार डेटाबेसमध्ये असू शकतो आणि तुम्ही कुठल्या दारातून आत शिरलात याच्याशी वाचकाला कर्तव्य नसतं. अपवाद मर्यादित प्रसार असलेल्या कागदांचा, आणि त्यासाठी एपीएने नाव घेऊन सांगितलेल्या डेटाबेसपैकी एक म्हणजे एरिक.

मग ओळ लिहायची कशी?

एपीएच्या पुस्तकातलंच एक उदाहरण घेऊ. तैवानमध्ये लहान वयाच्या विशेष मुलांसाठी शिक्षक कसे तयार केले जातात, यावरचा २०१४ सालचा एक निबंध एरिकवर आहे. त्याचा संदर्भ असा होतो (इथे वाचण्यासाठी देवनागरीत दिलाय, प्रत्यक्ष सूचीत तो रोमन लिपीतच जातो):

हो, एच.-के. (२०१४). टीचर प्रिपरेशन फॉर अर्ली चाइल्डहुड स्पेशल एज्युकेशन इन तैवान (ईडी५४५३९३). एरिक. आणि शेवटी पीडीएफची लिंक.

आता एकेक तुकडा बघा. आधी लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं. मग कंसात वर्ष. मग शीर्षक, तिरप्या टाइपात. इंग्रजी शीर्षकात पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामं एवढ्यांचंच पहिलं अक्षर कॅपिटल. शीर्षकानंतर कंसात ईडी क्रमांक, आणि तो मात्र सरळ टाइपात. पूर्णविराम कंसाच्या बाहेर, कंसाच्या आधी नाही. मग एरिक हे नाव आणि पूर्णविराम. मग लिंक, आणि लिंकनंतर काहीही नाही. तिथे सवयीने पूर्णविराम टाकला जातो, वाचक लिंक कॉपी करतो, पूर्णविरामही सोबत जातो आणि पान उघडत नाही.

मजकुरात उल्लेख करताना फक्त आडनाव आणि वर्ष: (हो, २०१४). तिथे एरिक किंवा ईडी क्रमांक घालायचा नाही. हे सांगायचं कारण, ‘(एरिक, २०१४)’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. एरिक हा कुणी संशोधक नाही! निबंधाचं श्रेय त्याला देणं म्हणजे पुस्तकाचं श्रेय लेखकाऐवजी वाचनालयाला देण्यासारखं आहे.

जुन्या प्रबंधात वेगळंच लिहिलेलं असतं, ते का?

तुमच्या विभागाच्या ग्रंथालयातला २००५ सालचा प्रबंध काढून त्यातली पद्धत उचलली, तर ती आजच्या नियमात बसणार नाही. प्रत्येक आवृत्तीत ही ओळ बदलत गेली आहे.

नवशिके शिक्षक शाळेतल्या आपल्या जुन्या आठवणी सोबत घेऊन कसे येतात, यावर जे. व्ही. मीड यांचा १९९२ चा एक अहवाल आहे. तो मिशिगनमधल्या ईस्ट लॅन्सिंगच्या नॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन टीचर लर्निंगने काढला होता आणि एरिकमध्ये त्याचा क्रमांक ईडी३४६०८२. एपीएच्या २००१ च्या पाचव्या आवृत्तीत हाच अहवाल उदाहरण म्हणून दिला होता. तेव्हा ओळीच्या शेवटी कंसात लिहायचे: ‘एरिक डॉक्युमेंट रिप्रॉडक्शन सर्व्हिस नंबर ईडी३४६०८२’. ही रिप्रॉडक्शन सर्व्हिस म्हणजे मायक्रोफिशच्या आणि कागदी प्रती विकणारी यंत्रणा. वाचकाला तो कागद हवा असेल तर मागवायचा कुठून, हे त्या लांबलचक कंसातून कळायचं.

२००४ पासून एरिकचा कारभार इंटरनेटवर आला. त्याआधी वेगवेगळ्या विषयांचे कागद गोळा करणारी सोळा केंद्रं होती, ती २००३ च्या अखेरीस बंद झाली. मायक्रोफिशही थांबल्या. साहजिकच २००९ मध्ये आलेल्या एपीएच्या सहाव्या आवृत्तीत रिप्रॉडक्शन सर्व्हिस गेली आणि तिच्या जागी ‘रिट्रीव्हड फ्रॉम एरिक डेटाबेस’ असे शब्द आले. सातव्या आवृत्तीने तेही काढून नुसतं ‘एरिक’ आणि लिंक ठेवली.

या सगळ्या उलथापालथीत एकच गोष्ट टिकली, ती म्हणजे ईडी क्रमांक. मीड यांच्या अहवालाचा क्रमांक मायक्रोफिशच्या काळात जो होता तोच आजही आहे.

तेव्हा जुन्या प्रबंधातून संदर्भ घेताना क्रमांक तेवढा घ्या आणि बाकीची ओळ नव्याने लिहा. एकाच सूचीत तीन आवृत्त्यांच्या पद्धती दिसल्या, की संदर्भ वाचून नव्हे तर दुसऱ्यांच्या सूचीतून उचलून आणलेत, हे अनुभवी परीक्षकाला लगेच कळतं.

ईजे नोंद असेल तर?

एरिकला विसरा. अगदी एरिकवरून डाउनलोड केलेला लेख असला तरी. लेखक, वर्ष, लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पानं आणि असेल तर डीओआय. झालं. ईजे क्रमांक लिहायची गरज नाही, कारण नियतकालिकाचा खंड-अंक हाच त्या लेखाचा कायमचा पत्ता.

एमएलए पद्धत वापरणाऱ्यांसाठी मात्र गणित थोडं उलटं आहे. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची ही पद्धत भाषा-साहित्याच्या विभागांत जास्त चालते. तिच्यात डेटाबेस हासुद्धा एक ‘कंटेनर’, म्हणजे ज्यात लेख ठेवला आहे असं भांडं मानतात आणि त्याचं नाव लिहितात. भाषाशिक्षणावर काम करणारे विद्यार्थी कधी शिक्षण विभागात असतात, कधी इंग्रजी विभागात. आपल्या विभागाला कोणती पद्धत हवी आहे हे आधी विचारून घेतलेलं बरं.

प्रकाशक असलेला अहवाल, परिषदेतला निबंध

ईडी क्रमांक आहे म्हणून प्रत्येक वेळी एरिकचं नाव लागतंच असंही नाही. एखाद्या मोठ्या संस्थेचा अहवाल तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर उघड्यावर उपलब्ध असेल, तर ती संस्था प्रकाशक म्हणून लिहा आणि तिथली लिंक द्या. एरिकवरची ती फक्त दुसरी प्रत आहे. पण संस्था बंद पडली असेल, वेबसाइट गायब असेल किंवा अहवाल १९७०-८० च्या दशकातला असून फक्त एरिकवरच स्कॅन स्वरूपात उरला असेल, तर ईडी क्रमांकाशिवाय पर्याय नाही.

परिषदेत वाचलेल्या निबंधाचं थोडं वेगळं. नुसतं वर्ष पुरत नाही, परिषद कोणत्या तारखांना झाली तेही कंसात येतं. शीर्षकानंतर चौकोनी कंसात हा परिषदेत सादर केलेला निबंध आहे असं सांगायचं, मग परिषदेचं नाव, ठिकाण आणि लिंक. एरिकवरच्या जुन्या निबंधांच्या पहिल्या पानावर ही माहिती बहुधा तळाशी बारीक अक्षरात असते, त्यामुळे पीडीएफ उघडून बघणं आलंच.

‘ऑनलाइन सबमिशन’ नावाचा सापळा

एरिकवर एखादी नोंद उघडली की स्रोताच्या जागी कधीकधी ‘ऑनलाइन सबमिशन’ असे दोन शब्द दिसतात. बरेच जण हे नियतकालिकाचं नाव समजून तिरप्या टाइपात लिहून मोकळे होतात.

तसं ते नाही. लेखकाने आपला कागद स्वतःच एरिककडे पाठवला, एवढाच त्याचा अर्थ. ते नियतकालिक नाही आणि प्रकाशकही नाही. अशा कागदाचा संदर्भ वरच्या तैवानच्या उदाहरणासारखाच द्यायचा: लेखक, वर्ष, शीर्षक, कंसात ईडी क्रमांक, एरिक, लिंक. संदर्भ आपोआप तयार करणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नियतकालिकाच्या रकान्यात हे दोन शब्द शिरले नाहीत ना, हे डोळ्यांनी तपासा. सॉफ्टवेअरला अर्थ कळत नाही, त्याला फक्त रकाने कळतात.

आणि हाच कागद नंतर एखाद्या नियतकालिकात आला असेल, तर शक्यतो छापलेली आवृत्ती वाचून तिचाच संदर्भ द्यावा. अंतिम मजकूर तो आहे.

इथून एक मोठा गैरसमज निघतो. एरिकवर आहे म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेलं आहे, सरकारी आहे, म्हणून विश्वासार्ह आहे, असं गृहीत धरलं जातं. एरिक अमेरिकी सरकारची आहे हे खरं, पण तिथला प्रत्येक कागद सरकारने मान्य केलेला नाही. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेल्या लेखांवर एरिक वेगळी खूण करते आणि शोधताना फक्त तेवढेच निवडायची सोयही देते. ती खूण नसेल तर कागद वाईट आहे असं नाही, पण वजन तुम्हालाच करावं लागेल. ईडी क्रमांक दर्जाचा शिक्का नाही. घराला नंबर असतो, त्यावरून आत कोण राहतं ते कळत नाही.

लिंक कोणती द्यायची?

एरिक दोन वाटांनी उघडता येतं. एक तिची स्वतःची मोफत वेबसाइट. दुसरी, विद्यापीठाने वर्गणी भरलेले मोठे डेटाबेस, ज्यांच्या पोटात एरिकच्या नोंदीही असतात. दुसऱ्या वाटेने गेलात तर ब्राउझरच्या पट्टीत दिसणारी लांबलचक लिंक बहुधा तुमच्या त्या बैठकीपुरतीच असते. तुम्ही लॉग आउट झालात की ती मेली. प्रबंधात तीच लिंक छापली तर परीक्षकाच्या लॅपटॉपवर लॉग-इनचं पान उघडेल आणि तिथून पुढे काही नाही.

म्हणून क्रमांक घ्या, एरिकच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन शोधखिडकीत टाका आणि तिथली लिंक द्या. एरिकच्या लिंकमध्ये ईडी क्रमांकच असतो, त्यामुळे ती लहान असते आणि चूक झाली तरी नजरेस येते.

काही नोंदींवर पूर्ण मजकूर मिळत नाही, फक्त गोषवारा असतो. गोषवारा वाचून पूर्ण अहवालाचा संदर्भ ठोकून देणं ही आपल्याकडची जुनी सवय. पण अहवालाच्या मर्यादा आणि अटी बऱ्याचदा आतल्या पानांत असतात. पूर्ण मजकूर मिळालाच नाही आणि दुसऱ्या कुणी त्याबद्दल लिहिलेलं वाचलं असेल, तर तसं मजकुरात सांगून त्या दुसऱ्या लेखकाचा संदर्भ द्यायचा. सूचीत तोच जातो, न वाचलेला अहवाल जात नाही.

पीडीएफ एका रात्रीत गायब झाल्या तेव्हा

क्रमांक लिहायचा एवढा आग्रह कशाला, लिंक असताना? याचं उत्तर ऑगस्ट २०१२ मध्ये मिळालं. एरिकवरच्या जुन्या स्कॅन केलेल्या कागदांत काही लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे खासगी माहिती, उघडी पडल्याचं लक्षात आलं. जुन्या काळी अर्जावर, बायोडेटावर असे नंबर सहज लिहिले जायचे आणि ते तसेच स्कॅन झाले होते. शिक्षण खात्याने मोठ्या संख्येने पूर्ण मजकुराच्या फायली एकदम बंद केल्या. मग तपासून तपासून त्या टप्प्याटप्प्याने परत आणाव्या लागल्या.

त्या काळात ज्यांच्या संदर्भात फक्त लिंक होती त्यांचा वाचक कोऱ्या पानावर पोहोचत होता. क्रमांक असेल तर निदान नोंद सापडत होती, गोषवारा दिसत होता आणि ज्या ग्रंथालयांनी मायक्रोफिश जपून ठेवल्या होत्या तिथे मूळ कागद वाचताही येत होता.

दुसरा धक्का २०२५ मध्ये बसला. अमेरिकेत सरकारी खर्चाच्या कपातीत एरिक चालवणाऱ्या संस्थेतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं गेलं, आणि एप्रिलमध्ये निधीअभावी एरिकवर नव्या नोंदी थांबतील अशी वेळ आली. साठ वर्षं जुना, फुकट मिळणारा, जगभर वापरला जाणारा साठाही कायमचा गृहीत धरता येत नाही. त्यामुळे प्रबंधासाठी वापरलेली प्रत्येक पीडीएफ स्वतःजवळ उतरवून ठेवणं शहाणपणाचं, आणि फाइलला नाव देताना ईडी क्रमांक घातला तर आणखी उत्तम.

एआयने दिलेला ईडी क्रमांक खरा असेल का?

असेलही. नसेलही. चॅटबॉटला संदर्भ मागितला की तो लेखक, वर्ष, शीर्षक, क्रमांक सगळं नीटनेटकं मांडून देतो आणि त्यातला कागद कधीकधी जगात कुठेच नसतो.

कॅनडातल्या न्यूफाउंडलँड अँड लॅब्राडोर प्रांतात हे सरकारी पातळीवर घडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे शालेय आणि उच्च शिक्षणाचा दहा वर्षांचा आराखडा जाहीर झाला, चारशेहून जास्त पानांचा. पुढच्याच महिन्यात सीबीसी या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की त्यातले किमान १५ संदर्भ अस्तित्वातच नाहीत. एक संदर्भ ‘स्कूलयार्ड गेम्स’ नावाच्या २००८ च्या चित्रपटाचा होता. ज्या सरकारी चित्रपट संस्थेचं नाव दिलं होतं तिने असा चित्रपटच नसल्याचं सांगितलं. मग कळलं की संदर्भ कसा लिहावा हे शिकवणाऱ्या एका विद्यापीठाच्या पुस्तिकेत नमुना म्हणून रचलेली ती काल्पनिक ओळ होती, जशीच्या तशी आराखड्यात आलेली. विद्यार्थ्यांना एआयचा नैतिक वापर शिकवावा, अशी शिफारसही त्याच आराखड्यात होती!

ओळ बरोबर लिहिलेली होती. स्वल्पविराम, कंस, तिरपा टाइप, सगळं जागच्या जागी. फक्त मागे काही नव्हतं.

इथे ईडी क्रमांकाचा वेगळाच फायदा होतो. तो तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही. एरिकच्या शोधखिडकीत टाका. काहीच आलं नाही तर क्रमांक खोटा किंवा चुकीचा. नोंद आली तर तिथेच थांबू नका, शीर्षक, लेखक आणि वर्ष जुळतंय का बघा. खरा क्रमांक दुसऱ्याच कागदाचा असू शकतो. सहा आकडी जागेत अंदाजाने टाकलेला आकडासुद्धा कुठल्यातरी कागदाला लागायची बरीच शक्यता आहे.

आपल्याकडे याला आणखी एक कंगोरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही, पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांच्या वर अशा पायऱ्यांनी कारवाई वाढत जाते. पण ही मोजणी करताना संदर्भसूची वगळली जाते. ते योग्यच आहे, कारण एकाच पुस्तकाचा संदर्भ सगळ्यांचा सारखाच दिसणार. मात्र त्याचा अर्थ असाही होतो की सॉफ्टवेअरचा अहवाल हिरवा आला म्हणून संदर्भ खरे ठरत नाहीत. ते कुणीतरी एकेक करून उघडून पाहिले तरच कळतं. हे काम परीक्षकाने करण्याआधी स्वतः केलेलं चांगलं.

मराठी प्रबंधात हा संदर्भ कोणत्या लिपीत?

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. काही जण इंग्रजी शीर्षकाचं मराठी भाषांतर करून सूचीत घालतात. दिसायला छान, पण त्या भाषांतरावरून एरिकवर कुणालाही काहीही सापडणार नाही. इंग्रजी कागदाचा संदर्भ मूळ शीर्षकासह रोमन लिपीत ठेवावा आणि ईडी क्रमांकाचे आकडेही रोमनच असावेत. मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या दोन स्वतंत्र याद्या करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ती इथे सोयीची पडते. विद्यापीठाची स्वतःची नियमावली वेगळं सांगत असेल तर अर्थातच ती आधी.

याच तर्काने ‘शोधगंगा’वरच्या प्रबंधांचाही संदर्भ लिहिता येतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या साठ्यात देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत, त्यातले बहुतेक पुस्तकरूपाने कधीच आलेले नाहीत. तिथेही साठ्याचं नाव लिहायचं: लेखक, वर्ष, शीर्षक, चौकोनी कंसात पीएच.डी. प्रबंध आणि विद्यापीठाचं नाव, मग शोधगंगा, मग लिंक. लिंक मात्र एकेका प्रकरणाच्या पीडीएफची देऊ नका. प्रबंधाच्या मुख्य पानावर ‘हँडल’ म्हणून जी कायमची लिंक दिलेली असते, ती उचला.